गाळलेल्या चार ओळी

"अंगठा खिशात ठेव. आधी ऐक."

पौडात नोंदणी कार्यालयासमोर आमची दुकानांची ओळ आहे. तिथं हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. आवाज टायपिंगच्या बाईंचा. जमिनीचे कागद करायला येणारी माणसं घाईत असतात. कुणाची एसटी असते, कुणाची वरात असते, कुणाला फक्त तिथं बसणं नको असतं. काहीजण तर अंगठा पुढं काढूनच दुकानात शिरायचे. बाई चष्म्याच्या वरून त्या अंगठ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "खिशात ठेव."

बायकांना खिसा नसतो. त्यांना त्या "मुठीत धर" म्हणायच्या. आणि बायका खरोखरच अंगठा मुठीत धरून बसायच्या. तुम्ही कधी अशा ओळीत उभे राहिला असाल तर बघितलं असेल, एरवी नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या तोंडाकडे बघत बसणारी बाई मूठ वळून बसली की कागदाकडे बघायला लागते.

मी त्या ओळीतला झेरॉक्सवाला. माझ्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात बाईंचं टेबल होतं, मागच्या अर्ध्यात माझं यंत्र आणि मी. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण सोळा वर्षांत त्यांनी मला 'झेरॉक्स' याशिवाय दुसरी हाक मारली नाही. "झेरॉक्स, पंखा लाव." "झेरॉक्स, तुझा चहा गार झाला." पुढं हे नाव माझ्या बायकोनंही उचललं, आणि आता भरे गावात माझ्या वडिलांचं घर विचारलंत तर लोक 'झेरॉक्सचं का?' असं विचारतात. माणसानं आयुष्यात नाव कमवावं म्हणतात, ते मी असं कमावलं.

बाई साठीच्या. माणहून निळ्या स्कूटीवर यायच्या, हेल्मेट काढून माझ्या प्रिंटरवर ठेवायच्या आणि पदर खोचून बसायच्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर इतरांसारखी रंगीत चित्रं नव्हती. सुरू केला की एक काळी स्क्रीन यायची आणि कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकत बसायचा. त्याला टर्मिनल म्हणतात, आणि त्यातच जी लिहायची पाटी उघडते ती एडिटर, हे मला त्यांनीच सांगितलं. अक्षरं हळदीसारखी पिवळी. वय, क्षेत्र, गट नंबर अशी एखादी जागा भरायची राहिली की ती कुंकवासारखी लाल. लाल दिसतंय तोवर कागद पुरा नाही. माऊस टेबलाच्या खणात, रबरबँडनं बांधून ठेवलेला.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं एका भाडेकरणीमुळे. माणला त्यांच्या दोन खोल्या होत्या, आयटीतल्या मुलांना भाड्यानं दिलेल्या. त्यातल्या एकीत लांबून आलेली एक मुलगी राहायची. ती सारखी काळ्या स्क्रीनपुढं बसायची. बाईंना वाटलं पोरीचं यंत्र बिघडलंय, म्हणून त्या विचारायला गेल्या. तासाभरानं परत आल्या त्या, "ह्यात मराठी येतं का गं?" असं विचारूनच. मुलगी दीड वर्षानं दुसऱ्या शहरात गेली, पण तोवर बाईंनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. मोबदल्यात तिला पुरणपोळी आणि शिव्या दोन्ही शिकवल्या.

"बाई, सगळी दुनिया जे वापरते ते तुम्हाला का चालत न्हाई?" मी एकदा विचारलं.

"ते मला न इचारता बदलतं. मी चतुःसीमा लिहिते, तर ते मधीच आपले एक-दोन-तीन आकडे घालतं. मी जागा सोडते, ते भरून टाकतं. मी लिहिलेलं मला न इचारता बदलणारा माणूस मी घरात ठिवला न्हाई, यंत्र ठिवू व्हय?"

बाईंचा नवरा कुठं असतो हे आमच्या ओळीत कुणी विचारत नसे. का विचारत नसे, ते मला त्या दिवशी कळलं.

यंत्राला त्यांनी स्वतःच्या आज्ञा शिकवल्या होत्या, त्याही मराठीत. 'झाड' असं लिहिलं की कागदातल्या फालतू मोकळ्या जागा झाडून निघायच्या. 'मोज' लिहिलं की सगळ्या गटांच्या क्षेत्राची बेरीज खाली यायची. 'चतु' लिहिलं की पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस अशा चार लाल जागा उघडायच्या आणि चारही भरल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. आणि 'छाप' लिहिलं की कागद छापला जायचा.

लगेच नाही. आधी स्क्रीनवर एक प्रश्न यायचा: वाचून दाखवलं का?

त्याला उत्तर 'व्हय' असं पूर्ण लिहावं लागायचं. 'हो' चालायचं नाही. नुसतं बटण दाबून चालायचं नाही. बरोबर उत्तर येईपर्यंत प्रश्न परत परत तोच.

मी म्हणालो, "एक बटण ठिवा की. वेळ वाचंल."

"बटण कुणीबी दाबतं. व्हय लिहिताना माणूस इचार करतो."

"पण बाई, यंत्र तुमचं, तुमीच लिहिलेलं, तुमीच छापणार. मग इचारतं कुणाला?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाच. ते कुलूप दुसऱ्यासाठी न्हाई."

मग सांगितलं. पूर्वी एकदा, गर्दीच्या दिवशी, एका म्हातारीचा कागद त्यांनी न वाचताच छापला. मुलांना घाई होती, म्हातारी गप्प होती, बाई दमल्या होत्या. म्हातारीनं अंगठा दिला. पंधरवड्यानं ती एकटीच आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. म्हणाली, "बाय, त्यात काय लिवलं व्हतं गं?"

"लिहिलेलं माझ्याच हातानं," बाई म्हणाल्या, "पण तिला तोंड उघडून सांगायची हिंमत झाली न्हाई मला. आता सांगून काय उपेग? मी तिला च्या पाजला. ती च्या पिऊन गेली. त्या दिवसापासून ह्यो प्रश्न. मी इसरते, म्हणून यंत्राला सांगितलंय, इसरू देऊ नको."

आता मी जे सांगणार आहे त्यात माझी काही शोभा नाही. पण बाईंची गोष्ट सांगायची तर ते वगळता येत नाही, आणि वगळण्याच्या बाबतीत माझं नाव आधीच खराब आहे.

त्या वर्षी बाईंचा जुना कॉम्प्युटर बसला. धूर नाही, आवाज नाही, सकाळी नुसता उठलाच नाही. नवा आला. दुकानदारानं सगळं भरून दिलं होतं. सुरू केल्यावर निळं आकाश, हिरवी टेकडी, आणि एक खिडकी पुढं येऊन बाईंचं स्वागत करायला लागली.

"हे आधी पूस," बाई स्वतःलाच म्हणाल्या आणि सगळं पुसून टाकलं.

मग पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, लांब, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली, पहिल्या पानावर हळदीकुंकू. त्या वहीत त्यांचं सगळं यंत्र पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. रंग, आज्ञा, कळांची अदलाबदल, सगळ्या ओळी. पेन ड्राइव्ह त्यांचा एकदा स्कूटीवरून पडून मुळा नदीत गेला होता, तेव्हापासून विश्वास वहीवर.

पहिल्या पानावर पाच शब्द होते: सर्व्हे, क्षेत्र, कुऱ्हाड, दुरुस्ती, मृत्युपत्र. टर्मिनलचे प्रकार बरेच असतात; नव्या टर्मिनलमध्ये हे पाच आधी लिहून बघायचे. पहिल्या टर्मिनलमध्ये वेलांट्या अक्षरं सोडून पळाल्या. दुसऱ्यात कुऱ्हाडीचे दोन तुकडे झाले. तिसऱ्यात पाचही शब्द नीट उमटले.

"आता यंत्र आपलं," बाई म्हणाल्या. "झेरॉक्स, हितं बस. वाच."

मी वहीतलं वाचायचं आणि त्यांनी लिहायचं. टायपिंगच्या जुन्या परीक्षेतली त्यांची सवय, कानानं ऐकून, डोळे मिटून लिहायची. चिन्हांची त्यांनी नावं ठेवली होती. जाळी, उभा खांब, नागमोड, डावीकडं कललेली, महिरप उघड, महिरप मिट. मी वाचायला लागलो.

"जाळी. मग कायतरी इंग्रजी."

"कायतरी न्हाई. अक्षरं सांग."

"बाई, तुमचं अक्षर..."

"माझं अक्षर तालुक्याला वाचता येतं. तुला चष्मा लागलाय. वाच."

पहिल्या दिवशी अकरा पानं झाली. संध्याकाळी घरी बायको म्हणाली, "काय हो, झोपेत काय पुटपुटत व्हता? महिरप मिट, महिरप मिट." दुसऱ्या दिवशी नऊ पानं. रंग उमटले. 'झाड' चाललं, 'मोज' चाललं. बाई खूश होत्या. एरवी कधी देत नसत, पण त्या दिवशी मला डब्यातली चटणी दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी 'छाप'चं पान आलं.

आता माझ्या घरचं सांगावं लागेल. भऱ्यात आमची थोडी जमीन आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि माझी धाकटी बहीण मंदा हिचं, अशी दोन नावं लागली. मंदा उरवड्याला दिलेली, तिथंच एका कारखान्यात पॅकिंगला जाते. रस्त्याकडेच्या बारा गुंठ्यांना गिऱ्हाईक आलं होतं. त्यासाठी मंदाचं हक्कसोडपत्र हवं होतं, म्हणजे बहिणीनं कागदावर लिहून द्यायचं की माझा हक्क मी भावाला सोडला. आमच्याकडे बहिणी हे देतात. भाऊ साडी घेतो, जेवण घालतो, बहीण सही करते आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून डोळे पुसत जाते. मंदाला मी फोनवर बारा गुंठ्यांचंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "दादा, तू म्हणशील तिथं सही करते."

जागेचा एजंट मात्र हुशार. तो म्हणाला, "शेठ, एकदाच सगळे गट घालून टाका. परत परत बहिणीला कशाला तरास?" त्याच्या कच्च्या कागदात तीन गट होते. रस्त्याकडेचा, घरामागचा, आणि विहिरीखालचा भाताचा तुकडा. मी बघितलं. 'न्हाई' म्हणालो नाही. 'व्हय'सुद्धा म्हणालो नाही. मान अशी हलवली की पुढं कुणी विचारलं तर दोन्हीकडचा अर्थ काढता यावा. या कामात माझा हात धरणारा तालुक्यात नाही.

सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती. मंदानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. साडी घरात आणून ठेवलेली. बायकोनं ती बघितली आणि म्हणाली, "एवढी भारी? म्हंजे कायतरी लपवताय."

तर असा मी, वही मांडीवर घेऊन बसलेला, आणि पुढं ते पान. वर जाळी, मग बाईंच्या अक्षरात मराठीत: वाचल्याशिवाय छापू नये. खाली प्रश्न आणि उत्तराच्या तीन ओळी. एकूण चार.

मी जास्त विचार केला असं म्हणालो तर खोटं होईल. फक्त मनात आलं, बाई दमल्यात. उद्या गर्दी आहे. यंत्रानं विचारलं नाही तर कदाचित विसरतील. त्यांनीच नाही का सांगितलं, मी इसरते म्हणून?

माझी जीभ चार ओळी ओलांडून खाली गेली.

बाईंची बोटं क्षणभर थांबली. डोळे मिटलेलेच. मग टकटक सुरू झाली.

"महिरप मिट," मी म्हणालो.

"मिटली," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मंदा आली ती गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र घालूनच. माझ्यासाठी डब्यात मासवड्या आणलेल्या. मला त्या मासवड्यांकडे बघवेना, म्हणून मी डबा झेरॉक्सच्या यंत्रामागं ठेवला. एजंट पांढऱ्या शर्टात, दोन फोनवर आळीपाळीनं बोलत. बाहेर चार पार्ट्या उभ्या. बाईंनी एजंटचा कच्चा कागद घेऊन भराभर लिहिलं, लाल जागा पिवळ्या झाल्या. 'झाड' केलं. 'मोज' केलं. 'छाप' लिहिलं, आणि पुढचं उत्तर द्यायला बोटं सवयीनं आपोआप चालली: व्हय.

पण प्रश्न आलाच नव्हता. प्रिंटर केव्हाच सुरू झाला होता. त्यांचं 'व्हय' स्क्रीनवर एकटंच पडलं होतं, आणि त्याखाली यंत्रानं इंग्रजीत कळवलं होतं की अशी कोणतीही आज्ञा सापडत नाही.

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

मी पंख्याकडे बघितलं.

प्रिंटरमधून कागद आले. एजंटनं हात पुढं केला. बाईंनी त्याच्याआधी ते उचलले आणि मांडीखाली घेऊन त्यावर बसल्या. साठीची बाई, आणि कागदावर अशी बसली की आता उठवायला पोलीस लागावेत.

"बाई, कागद द्या. पार्टी थांबलीय," एजंट म्हणाला.

"थांबू दे." मग मंदाकडे वळून, "बस, बाय. अंगठा मुठीत धर."

"मला सही येते, बाई," मंदा म्हणाली.

"सहीचं पेनबी अंगठ्यानंच धरतात. धर मुठीत."

एजंट चिडला. "बाई, तुमचं काम टायपिंगचं. वाचायला वकील हायेत."

"मग टायपिंगबी वकिलाकडनंच करून घ्या. माझ्या हातानं लिहिलेलं मी वाचनार."

"उद्यापासनं एक गिऱ्हाईक हितं येऊ देणार न्हाई. सांगून ठेवतो."

"सांगून ठेवलंस, बरं झालं. स्कूटीचं पेट्रोल वाचलं. आता गप ऱ्हा, ऐकू दे तिला."

आणि मांडीखालून कागद काढून त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्यांचं वाचणं तुम्ही ऐकायला हवं होतं. कोर्टातल्यासारखं भरभर नाही आणि शाळेतल्यासारखं सुरातही नाही. समोरच्या माणसाला ताट वाढावं तसं, एकेक जिन्नस, तो बघेपर्यंत थांबून. पहिला गट वाचला, चतुःसीमा वाचल्या. मंदा मान हलवत होती. दुसरा गट वाचला. तिची मान थांबली. तिसरा वाचला: पूर्वेस ओढा, दक्षिणेस सामाईक विहीर.

"थांबा," मंदा म्हणाली. "दादा, हे विहिरीखालचं न्हवं का रं?"

मी म्हणालो, "ते... एकदाच सगळं... तुला परत परत तरास नको म्हणून."

हे वाक्य एजंटचं होतं. माझ्या तोंडातून ते इतकं वाईट ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं.

मंदानं मुठीकडे बघितलं. अंगठा आतच होता. विहिरीखालच्या त्या तुकड्यात ती लहानपणी आईबरोबर आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, उभी राहायची, माझ्यापेक्षा सरळ ओळ लावायची. मी बांधावर बसून रोपांच्या जुड्यांचे आकडे मोजायचो आणि ते चुकवायचो.

"दादा," ती म्हणाली, "बारा गुंठ्यांला मी आलेच व्हते. डोळे झाकून आले व्हते. पण आता मी ऐकलंय. मी कायबी मागत न्हाई तुझ्याकडं. पण माझं नाव हाय तितं, ते ऱ्हाऊ दे. सगळीकडं ऱ्हाऊ दे."

"अगं, बारा गुंठ्यांचं तरी..."

"न्हाई. आज कशावरच न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीनं मला 'न्हाई' म्हटलं, तेही एजंट, चार पार्ट्या आणि मासवड्यांच्या डब्यासमोर. तिनं डबा मात्र परत नेला नाही.

एजंट दोन्ही फोन घेऊन बाहेर गेला. मला वाटलं बाई आता माझी पूजा बांधतील. त्यांनी वही काढली, ते पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवली.

"वाच. मोठ्यानं."

"बाई, नंतर..."

"काल डोळे मिटलेले व्हते माझे, कान न्हाई. मला वाटलं चुकून गाळलंस. म्हटलं, झेरॉक्सला चष्मा लागलाय. आता चष्मा लाव आन वाच."

मी वाचलं. जाळी, वाचल्याशिवाय छापू नये. सगळ्यांसमोर, मंदासमोर, चारही ओळी, प्रत्येक खांब आणि महिरपीसकट. बाईंनी त्या लिहिल्या. यंत्रानं परत विचारायला सुरुवात केली. मग चहा आला तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "झेरॉक्स, तुझा गार हुतोय." त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

एजंटनं बोललेलं खरं केलं. ओळीतलं काम हळूहळू दुसऱ्या टेबलांकडे गेलं. मलाही निरोप आला, त्या बाईला दुकानातून काढ, तुझी झेरॉक्स दुप्पट चालंल. मी घरी बायकोला सहज सांगितलं. ती भाकरी थापत होती. न थांबता म्हणाली, "काढा की. मग उद्यापासनं भाकरी एजंटाकडंच खावा."

मी काढलं नाही. यात माझा मोठेपणा किती आणि भाकरीचा किती, हे तुम्हीच ठरवा.

बाईंना काळजी दिसली नाही. मोकळ्या वेळात त्या वहीत काहीतरी लाल पेनानं लिहीत बसायच्या. मी वाकून बघायला लागलो की वही मिटायच्या. आणि मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. बायका यायला लागल्या. एकट्या, दोघी-दोघी, दुसरीकडे केलेला कागद पिशवीत घालून. "बाई, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा." छापायचं काही नाही, फक्त वाचायचं. बाई हेल्मेट प्रिंटरवर ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "मुठीत धर." अशी दोन वर्षं. दुसऱ्या टेबलावरच्या टायपिस्टांनाही मग लोक विचारायला लागले, "तुमी वाचून दाखवणार का? ती बाई दावती." एजंट लोकांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे व्हायचे. मी रोज बघायचो.

मंदा आणि मी सात-आठ महिने बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. भाऊबीजेला ती आपणहून आली, ओवाळलं, आणि जाताना म्हणाली, "विहिरीखाली येत्या पावसाळ्यात भात मी लावनार हाय. इंद्रायणी. येशील मदतीला? बांधावर बसून आकडे मोज, बाकी काय नको." मी गेलो. आकडे परत चुकवले. बारा गुंठे अजून आहेत. गिऱ्हाईक केव्हाच दुसरीकडे गेलं.

मागच्या थंडीत बाई एका शनिवारी घरी निघताना वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "दोन दिस ठेव. पिशवीत डबा मावंना." सोमवारी निळी स्कूटी आली नाही. मंगळवारी माणहून निरोप आला. आम्ही ओळीतले सगळे गेलो. दुसऱ्या टेबलांवरचे टायपिस्टसुद्धा. आणि शंभरेक बायका, ज्यांना आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं.

पावसाळ्यात त्यांचा कॉम्प्युटर बसला. जुना बसला होता तसाच, गुपचूप. मी नवा आणला. बायका अजून कागद घेऊन येतात, कुणीतरी बसायला हवं. दुसरं कुणी बसेना, म्हणून मी. दोन बोटांनी लिहितो, चष्मा दोन नंबरनं वाढलाय. गुरुवारी मंदाच्या कारखान्याला सुट्टी असते. तिला म्हणालो, "वही वाचायला येतेस?"

ती आली. यंत्र सुरू झालं, निळं आकाश आलं, मी ते पुसलं. यात अख्खी सकाळ गेली, कारण आधी मी भलतंच काहीतरी पुसलं होतं. पाच शब्द उमटले. मंदा वाचायला लागली: जाळी, उभा खांब, महिरप. ती माझ्यासारखी 'कायतरी इंग्रजी' म्हणत नाही, प्रत्येक अक्षर सांगते. वहीत आता प्रत्येक ओळीला लाल पेनानं क्रमांक घातलेला होता. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, एकही सुटलेला नाही.

'छाप'चं पान आलं. मंदा थांबली.

"काय झालं? पान फाटलंय?"

"न्हाई. बाजूला कायतरी लिवलंय."

"वाच की."

"वाचू? मोठ्यानं?" आणि तिनं वाचलं, आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असा: "चारशे बारा ते चारशे पंधरा, या चार ओळी झेरॉक्सकडून वाचून घेऊ नयेत."

बाकावरच्या दोघी बायका हसल्या. मंदा हसताहसता वहीत तोंड लपवून बसली. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तरी स्क्रीन थोडा वेळ धूसरच होती.

"वाच बाय," मी म्हणालो. "तू वाच."

तिनं चारही ओळी वाचल्या. मी लिहिल्या. चालतंय का बघायला तेच पाच शब्द घेतले आणि 'छाप' लिहिलं.

वाचून दाखवलं का?

मी 'हो' लिहिलं. प्रश्न परत आला.

"व्हय लिही, दादा," मंदा म्हणाली. मी बोट उचललं, तेवढ्यात तीच म्हणाली, "पर थांब. दाखवलंस कुटं?"

तिनं वही बाजूला ठेवली, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अंगठा मुठीत धरला.

मी वाचलं. सर्व्हे. क्षेत्र. कुऱ्हाड. दुरुस्ती. मृत्युपत्र. एकेक शब्द, तिनं ऐकेपर्यंत थांबून.

मग 'व्हय' लिहिलं.